टॅपेटची टकटक

मु. पो. कट्टा, ता. मालवण
२० नोव्हेंबर १९८६

चिरंजीव बाबलीस,

कट्ट्याहून तुझ्या भावोजींचे अनेक आशीर्वाद. (आधी ‘तीर्थरूप’ असं लिहिलं होतं, मग खोडलं. तू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आणि माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. तुझ्या पायांवर डोकं ठेवायची पाळी माझ्यावर आली असली तरी रीत ती रीत. खोडलेलं दिसतंय, ते दिसू दे.) इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. खुशाल म्हणजे माझा गुडघा होता तसाच आहे, तुझ्या अक्काचा खोकला गेला, गाय व्याली आणि पाडी झाली, विहिरीजवळचा माड यंदा बरा धरलाय. तुझी पाठ कशी आहे? खारेपाटणचं पाणी मानवलं का? तिकडून आलेल्या माणसाने सांगितलं की तू तुझ्या व्याह्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसतोस आणि हळदीच्या नि जिऱ्याच्या पुड्या बांधतोस. पुड्या चांगल्या घट्ट बांधतोस असंही म्हणाला. त्याने ते कौतुकाने सांगितलं, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस पुड्या बांधत बसला आहे आणि तो तिथे कुणामुळे बसला आहे, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

आता मूळ विषय. तुला सगळं ठाऊक आहेच, पण मी मास्तर माणूस, मागची उजळणी केल्याशिवाय मला पुढचा धडा घेता येत नाही. आपल्या शेतकी सोसायटीचा तांबडा ट्रॅक्टर चार वर्षं गोदामामागे पडून होता. त्याच्या सीटवर भेंडीचा पाला साचून त्यात कोंबडी अंडी घालत होती (ती कोंबडी कुणाची यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं होतं, पण तो विषय वेगळा). यंदा मार्चात तू म्हणालास, भावोजीनु, ह्या इंजिनात अजून जीव आसा, आपण दोघांनी खोलूया. मला निवृत्त होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. एकतीस वर्षं फळ्यावर इंजिनाची आकृती काढली, पण खऱ्या इंजिनाला कधी बोट लावलं नव्हतं. ‘आपण दोघांनी’ हे तुझे शब्द ऐकून मला काय वाटलं ते तुला कधी सांगितलं नाही. मी लगेच धोतर सोडून हाफ पँट शोधायला लागलो, आणि तुझी अक्का हसून हसून ओट्यावर बसली.

मग ते दोन महिने! बाबल्या, खरं सांगतो, नोकरी लागली तेव्हाही मी इतका सुखी नव्हतो. तू लायनर काढलेस, नवे बसवलेस, पिस्टनला नव्या रिंगा घातल्यास. व्हॉल्व्ह तर तू तीन दिवस हाताने घासत बसला होतास, मलम लावून, घुसळल्यासारखे, आणि मग त्यात रॉकेल ओतून थेंब गळतो का ते बघत होतास. थेंब गळला नाही. मी शेजारी स्टुलावर बसून पुस्तकातून वाचून दाखवत होतो आणि तू “व्हय” म्हणत होतास. पुढे माझ्या लक्षात आलं की मी ते पान वाचायच्या आधीच तुझं ते काम झालेलं असायचं, पण तू मला कधी तसं जाणवू दिलं नाहीस. मे महिन्याच्या शेवटी इंजिन सुरू झालं तेव्हा वाडीतली माणसं गोळा झाली. तू नुसता त्याच्यावर तळहात ठेवून उभा राहिलास. मी मात्र जमलेल्या मंडळींना चार आघातांचं इंजिन समजावून दिलं, कुणी विचारलं नसताना.

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण ते इंजिन टकटक करत होतं. टक् टक् टक् टक्, एकसारखी. मी तुला विचारलं, हा आवाज कसला? तू म्हणालास, “टॅपेटचो. तो असाकच होयो. लोखाण गरम झाला की वाढता, त्येका वाढूक जागा नको?” आणि पत्र्याची ती पातळ पट्टी, तुमचं ते फिलर, व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारं टॅपेट यांच्यामधल्या फटीतून सरकवून मला दाखवलंस. मला पटलं. पटलं म्हणजे काय, उष्णतेने धातू प्रसरण पावतात हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला. पितळी गोळा थंड असताना कडीतून पलीकडे जातो, तापवला की जात नाही, हा प्रयोग मी दरसाल केला. एकदा तर तो तापलेला गोळा तपासणीला आलेल्या साहेबांच्या पायावर पडला, तेव्हापासून त्या प्रयोगाचं नाव तालुकाभर झालं. म्हणजे ही गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यात चांगली कुणाला ठाऊक असेल तर ती मला. हे वाक्य नीट लक्षात ठेव, म्हणजे पुढचं वाचताना तुला माझी कीव करायचा मोह होणार नाही.

मिरगाआधी ट्रॅक्टर देवीसमोर नेऊन गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं घालणार हरिश्चंद्र मानकरी. वय पंच्याऐंशी, दात नाहीत, आवाज म्हणजे कानाशी डास गुणगुणावा तेवढा. आदल्या दिवशी ते काठी टेकत गोदामात आले, चालू इंजिनासमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तरानु, ह्या टकटकीत देवीक माझा गाऱ्हाणा आयकाक येवचा नाय. अर्धा आयकान तिने भलताच काय तरी दिला तर माका दोष नको.” मी म्हटलं, इंजिन बंद करू. तर ते कसं करणार? बॅटरी मेलेली, नुसत्या हँडलला ते इंजिन दाद देत नसे, ट्रॅक्टर देवळाच्या उतारावरून लोटून सुरू करायचा, आणि देवळासमोर सपाटी. तिथे बंद केला की पुन्हा वर न्यायला वीस माणसं लागणार. शिवाय बंद इंजिनासाठी गाऱ्हाणं घालायचं म्हणजे निजलेल्या नवरदेवाला मुंडावळ्या बांधण्यातला प्रकार. मानकरी गेले. मी विचारात पडलो. तू आमच्या घरी आंघोळीला आणि जेवायला गेला होतास. (तुझ्या अक्काने त्या दिवशी तिसऱ्या आणून त्या शिंपल्यांचं सुकं केलं होतं म्हणून तू दुसऱ्यांदा भात घेतलास. नसता घेतलास, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण यात तिसऱ्यांचा काही दोष नाही.)

आता सांगतो. मी इंजिनावरचं ते झाकण काढलं. तुझ्याच पिशवीतला पाना घेतला, तुझाच स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि चारही टॅपेटच्या फटी बंद केल्या. पट्टीच काय, नख जाईल एवढीही जागा ठेवली नाही. झाकण लावलं, हात पुसले, पाना होता तसा ठेवला. मनात म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, गाऱ्हाणं झालं की बाबलीला सांगू, तो हसेल. आणि खोटं कशाला बोलू, मनाच्या कोपऱ्यात असंही होतं की दोन महिने मी नुसतं वाचून दाखवतोय, या इंजिनात माझ्याही हातचं काहीतरी असावं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर उतारावरून सुरू झाला आणि काय सांगू, शिवणयंत्रासारखा चालला. टकटक नाही की काही नाही. तू कान टवकारलेस आणि माझ्याकडे बघितलंस. मी देवीकडे बघितलं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांचं गाऱ्हाणं तुला माहीत आहे, आधी बारा पाचाच्या देवांना हाक, मग मुंबईक नोकरीक असलेल्यांची सुखरूपता, मग ज्यांची लग्नं ठरत नाहीत ते मुलगे नावासकट, मग गुरंढोरं, आणि ट्रॅक्टर सर्वांत शेवटी. इंजिन तापत होतं. मानकरी म्हणाले, “बा देवी म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांनी जा इंजान उभा केल्यानी हा, तेका आजपासून कसलोय आडताळो येव नये,” आणि इंजिन दोनदा खोकलं, पांढऱ्या धुराचा एक लोट देवळाच्या सभामंडपात शिरला आणि सगळं गप्प झालं. त्या शांततेत सवयीने पन्नास माणसं एका आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा!” कुणालाच हसू आलं नाही. मला आता लिहिताना येतंय, आणि आलं की स्वतःचीच लाज वाटते.

पुढचे पंधरा दिवस तू भोगलेस. हँडल मारून बघितलं तर ते गरगरा फिरलं, कुठे अडेना, कुठे दाब लागेना. चेअरमन सत्यवान म्हणाला, बरा हलका झाला हा! (या माणसाला आपण तीनदा बिनविरोध निवडून दिलं.) सकाळी थंड असताना इंजिन सुरू व्हायचं, पाव तास चालायचं, तापलं की दाब जायचा आणि मरायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. तू नोझल काढून बघितलेस, डिझेलच्या नळीतली हवा काढलीस, हेडचे नट पुन्हा ताणलेस, गॅस्केटच्या कडेने साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधलेस. माणसं येऊन सल्ले देत होती. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे कोंबडीचा शाप. शेवटी तू इंजिन गरम असतानाच प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा चमचा ऑइल सोडलंस आणि हँडल फिरवलंस. ऑइलने दाब वाढला तर रिंगांचा दोष, न वाढला तर व्हॉल्व्हचा. दाब वाढला नाही. तू कपाळावरचा घाम पुसलास आणि म्हणालास, रिंगा बऱ्यो आसत, व्हॉल्व्ह बसनत नाय, टॅपेट बघूक होये. आणि झाकणाला हात घातलास.

बाबली, त्या क्षणापर्यंत मी मूर्ख होतो. पाव तास चालतं आणि तापलं की मरतं, एवढं डोळ्यांसमोर होऊनही माझ्या डोक्यात पंधरा दिवस काही शिरलं नव्हतं. त्या क्षणी शिरलं. गोळा, कडी, सगळं डोळ्यांसमोर आलं: तापून वाढणाऱ्या लोखंडाला मी जागाच ठेवली नव्हती, म्हणून ते व्हॉल्व्ह पुरते मिटू देत नव्हतं. तेव्हा “थांब, ते मी केलंय” एवढंच म्हणायचं होतं. पण भोवती वीस माणसं होती, त्यांतली सतरा माझे विद्यार्थी. आणि माझ्या तोंडून निघालं, “टॅपेट मी कालच फिलरने मोजलेत, बरोबर आहेत.” तू झाकणावरचा हात काढलास. परत विचारलंही नाहीस. भावोजीनी मोजल्यानी म्हणजे मोजल्यानी, एवढंच म्हणालास आणि जरा वेळाने, “मगे माझोच हात चुकलो असतलो. व्हॉल्व्ह बरे घासूक नाय मी.” तीन दिवस घासलेले व्हॉल्व्ह! थेंब न गळलेले! मी ते ऐकलं आणि गप्प राहिलो.

गप्प राहिलो असतो तरी एक वेळ ठीक. पण सोसायटीच्या सभेत, नांगरणी अडली म्हणून लोक चिडलेले असताना, सत्यवानाने मला शास्त्रीय कारण सांगायला उभं केलं आणि मी उभा राहिलो. खडू घेऊन वीस मिनिटं बोललो. व्हॉल्व्ह नीट न घासल्यास दाब कसा निसटतो याची सुबक आकृती काढली, बाण दाखवले, खाली शीर्षक लिहिलं. तुझं नाव घेतलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. नाव घ्यायला लागतं का? व्हॉल्व्ह कुणी घासले ते सगळ्या गावाला माहीत होतं. तू दाराशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी आमच्या ओट्यावर ठेवलीस आणि अक्काला म्हणालास, “ही ठेव. मी परत पानो हातात धरूचंय नाय.” चहा घेतला नाहीस. गाव पुन्हा बैलांमागे लागला, लावणी उशिरा झाली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी बाबलीने इंजिन घालवलं. दोन गावांतले पंपवालेही तुला बोलवायचे थांबले, हे मला शेजारच्या आनंदीबाईच्या घोवाने सांगितलं. तेव्हाही मी मान हलवली.

भाऊबीजेला तू आला नाहीस. तुझ्या अक्काने पाट मांडला होता, रांगोळी घातली होती. संध्याकाळी सातची गाडी येऊन गेली, मग तिने अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मी पडवीत उभा होतो. ती आत आली आणि मला म्हणाली, “तुमका काय वाईट वाटता?” म्हटलं, वाटतं. ती म्हणाली, “मगे असा चोरासारख्या कित्याक बघतास?” बत्तीस वर्षांच्या संसारात ती मला असं कधी बोलली नव्हती. तुला काय सांगू, मला तिथेच मातीत जावंसं वाटलं. तुझं मन मी दुखवलं, तुझं नाव घालवलं, तुझ्या हातातलं काम काढून घेतलं. कशासाठी? सतरा विद्यार्थ्यांसमोर मास्तर चुकला असं दिसू नये म्हणून. बाबल्या, मला क्षमा कर. हे वाक्य लिहायला मला एवढी पानं लागली.

तर विनंती अशी की वायंगणीच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, नांगरणीआधी तू एकदा इकडे यावंस आणि ते इंजिन बघून जावंस. तुझ्याशिवाय ते होणार नाही. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, व्याह्यांना सांग की त्यांनी पाठवलेली हळद चांगली होती.

तुझा अपराधी,
गुरुदास

ता. क. वर ‘तुझ्याशिवाय ते होणार नाही’ असं लिहिलं, ते खरं नाही. झालंय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या पिशवीतून फिलर काढलं, झाकण उघडलं आणि चारही टॅपेटना तू ठेवली होतीस तेवढी फट ठेवली. अर्ध्या तासाचं काम. तेव्हापासून इंजिन दिवसभर चालतं, तापलं तरी चालतं, आणि छान टकटक करतं. तू घासलेल्या व्हॉल्व्हना काही झालेलं नाही. तुला बोलावण्यासाठी इंजिनाचं निमित्त केलं, कारण निमित्ताशिवाय बोलावायला तोंड नव्हतं.

ता. क. (२) याहून वाईट पुढे आहे. गावाची समजूत अशी की बाबलीने घालवलेलं इंजिन मास्तरांनी सुधारलं. पुढच्या आठवड्यात रविवारी, ३० तारखेला सकाळी दहा वाजता सोसायटीत शाल आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार ठरवला आहे. मी नको म्हटलं, तर मास्तर किती नम्र म्हणून सत्यवानाने हारही वाढवला. तू ये. हत्यारं इथे आहेतच, तू नुसता ये आणि पहिल्या रांगेत बस. तू समोर असलास तर मला भलतं बोलता येणार नाही.

ता. क. (३) हे चौथं पत्र. आधीची तीन लिहून पोस्टाच्या पेटीपर्यंत नेली आणि परत आणून चुलीत घातली. म्हणून हे पेटीत टाकत नाही, आताच सुक्या मासळीच्या टेम्पोवाल्या शिवाच्या हातात देतोय. तो कसालला चहा घेतो, कणकवलीला जेवतो, तळेऱ्याला पान खातो, आणि हातात आलेला कागद प्रत्येक ठिकाणी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्याला पुढचा गियर पडत नाही. परतीच्या वाटेवर तेच सगळं तो कट्ट्यालाही सांगणार. तुझ्यापर्यंत हे पोचेल तोवर मधल्या सगळ्या गावांना कळलेलं असेल की इंजिन कुणी घालवलं. पाकीट उघडं बघून रागावू नकोस. घरात डिंक आहे.